पेटाऱ्याजवळ बसलेली बाई

चहा आला ना सगळ्यांचा? मग ऐका. आणि हसायचं तर मनसोक्त हसा, मला आता काही वाटत नाही. अख्खं गाव हसून बसलंय, तुम्ही चौघेच उरला होता. तुम्हाला तरी कशाला उपाशी ठेवू?

मी आमच्या सातेरीच्या देवळाच्या कमिटीवर आहे. कसा आलो ते विचारू नका. एका मीटिंगला मी गेलो नाही, तर तिथे मला सेक्रेटरी करून मोकळे झाले. तेव्हापासून नवरात्र आलं की लोक देवीला नवस बोलतात आणि मला कामं सांगतात. नवरात्रात आमच्या देवीपुढे दशावताराचा महोत्सव असतो. रोज संध्याकाळी नवी कंपनी येते, देवीपुढे नारळ ठेवते आणि सभामंडपात आख्यान लावते. लोक म्हणतात, सगळं देवी करून घेते. असेल बाबा. जनरेटरचं डिझेल मात्र मी आणतो.

त्या दिवशीही सकाळपासून पायाला भिंगरी होती. मांडवाचं कापड वाऱ्याने उडालं, ते बांधलं. माइकवाला कुडाळच्या बाजारात अडकला, त्याला आणला. कंपनीच्या जेवणात वाटाण्याची उसळ कमी पडली, ती वाढवून घेतली. एका म्हातारीची चप्पल हरवली, तीही मीच शोधली. ती तिच्या पिशवीतच होती. दुपार कलली तेव्हा पाय माझेच होते, पण माझं ऐकत नव्हते.

बरं, एवढंच असतं तर मी मेलो नसतो. पण त्याच दिवशी माझ्या भाचीचं लग्न ठरायचं होतं.

ही भाची म्हणजे रुपाली, माझ्या धाकट्या बहिणीची, शालनची एकुलती एक मुलगी. शालनचा नवरा लवकर गेला, तिने शेतावर राबून मुलगी शिकवली. रुपाली कुडाळला नोकरीला लागली आणि तिथेच नोकरीला असलेल्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला, निर्व्यसनी. फक्त त्याच्या आईचा होकार यायचा होता. ती बाई विजयदुर्गकडची. नवरा भिडस्त, काजूचा कारखाना तीच चालवते. तिने निरोप धाडला, "मुलाला बरोबर आणणार नाही. एकटी येईन, देवीची ओटी भरेन, माणसं बघेन आणि काय ते तिथेच सांगेन." झालं. घरात सगळ्यांची पाचावर धारण बसली. तिला आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मुलाच्या फोनवर एक फोटो होता, त्यात ती तोंडाला फडकं बांधून काजूच्या गोणींमागे उभी होती. त्यातून काय ओळखणार, गोण?

आणि एक गोष्ट आम्ही लपवली होती. रुपालीची अट होती की लग्नानंतर आई तिच्यासोबत राहील. शालनचे गुडघे गेलेत, एकटीने विहिरीचं पाणीसुद्धा ओढवत नाही. मुलाला हे मान्य होतं. पण सुनेसोबत विहीणही घरात येणार, हे त्या बाईला सांगायचं कुणी? तेव्हा मीच अक्कल पाजळली. म्हटलं, आधी होकार घेऊया, मग बघूया. तोवर या विषयावर सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. मी सर्वांना तशी ताकीद दिली. बायकोला तर दोनदा दिली.

तर दुपारी चारच्या सुमारास कंपनीचा मालक डोकं धरून माझ्याकडे आला.

"अप्पानू, घोटाळो झालो. आमचो स्त्रीपार्टी अजून येवक नाय."

आता तुमच्यात कुणी घाटावरचे असतील तर सांगतो. दशावतारात सगळे पुरुषच. राणीचं, देवीचं काम करणारा तो स्त्रीपार्टी. तो नसला तर राजा रुसणार कुणावर आणि राक्षस पळवणार कुणाला? मालकाचा जुना स्त्रीपार्टी पाय मोडून घरी बसलेला. देवगडकडचा कुणी नवा घेतलेला, तो एसटीने येत होता. मालक त्याला बघायला रस्त्यावर गेला आणि जाताना मला म्हणाला, "इलो तर तेका चाय पाजा, आणि तोंड रंगवूक बसवा."

मी देवळामागच्या धर्मशाळेत गेलो. कंपनीची माणसं विहिरीवर आंघोळीला गेलेली. खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे एकजण होता. कंपनीच्या कपड्यांच्या पेटाऱ्याशेजारी, आरशासमोर, पाठमोरा.

हिरवंगार जरीचं लुगडं. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. उंची दाराच्या चौकटीएवढी, खांदे रुंद. तोंडात पिना धरून निऱ्या नीट करणं चाललेलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी तिथेच कंपनीच्या वळकटीवर बसकण मारली.

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. कळणारच, तुम्ही सकाळपासून डिझेल आणायला गेला नव्हता.

"इलंस काय रे एकदाचो," मी म्हटलं. "सगळ्यांचो जीव टांगणीक लागलो होतो."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. तोंडात पिना, त्यामुळे नुसतं "हं" केलं.

"खूप उशीर केलंस."

पिना काढून तो म्हणाला, "गाडी वाटेत बंद पडली." आवाज असा की घागरीत तोंड घालून बोलावं.

"असूंदे. पोचलंस ह्या मोठा. बघू, हकडे तोंड कर." त्याने तोंड वळवलं. कपाळाला हे मोठं कुंकू, नाकात नथ, थोडी पावडर. मी मनापासून दाद दिली. कलावंताला दाद द्यावी, हा माझा स्वभाव. "वा. हुबेहूब बाय दिसतंस रे. रस्त्यार भेटलंस असतंस तर मी वैनी म्हणान हाक मारलंय असतंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, नवा आहे, लाजला.

"हात तेवढे पदराखाली ठेव," मी म्हटलं. "हातांवरसून कळता. आणि आवाज बारीक काढूक शीक. ह्या आवाजात राणी बोलाक लागली तर राजा जंगलात पळान जातलो."

त्याने कमरेवर हात ठेवले. श्वास घेतला. आता आठवलं की अंगावर काटा येतो. त्या क्षणी त्या माणसाने माझं थोबाड रंगवलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण माझं नशीब बघा. तेवढ्यात चहावाला दारावरून चालला होता. मी दोन चहा घेतले, एक त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "रागावू नको रे बाबा. आज माझा डोक्या ठिकाणावर नाय. माझ्या भाचीची होणारी सासू येतली हा, विजयदुर्गकडसून. तिच्या वाटेकडे डोळे लावन बसलंव."

त्याचा हात कमरेवरून खाली आला. तो सावकाश पेटाऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसला. चहाचा एक घोट घेतला.

"कशी आसा ती बाय?" त्याने विचारलं.

किती सहानुभूतीने विचारलं म्हणून सांगू. सकाळपासून मला कुणी "अप्पा, बसा" असंसुद्धा म्हटलं नव्हतं. हा परका माणूस माझं दुःख विचारतो म्हटल्यावर मी सैल सुटलो.

"मी खंय बघलंय? पण ऐकतंय ता काय बरा नाय. कारखान्यातल्यो बायो तिका बघून खोकूकसुद्धा भितत म्हणे. पोटचो झील तर तिच्यापुढे तोंड उघडना नाय."

"असा कोण म्हणता?"

"सगळीच म्हणतत. लोकांच्या तोंडाक काय हात लावतलंस?"

"नाय, लावूक येणा नाय," तो म्हणाला. "आणि चेडू? तुमची भाची कशी आसा?"

"चेडू म्हणजे सोना रे. पण हट्टी. आवशीक सोडून जावचा नाय म्हणता." आणि मग, मंडळी, ज्या विषयावर मी सगळ्या घराला ताकीद दिली होती, तो विषय मी चहाबरोबर त्या माणसाच्या पुढ्यात ठेवला. शालनचे गुडघे, रुपालीची अट, आधी होकार मग बघू, सगळं. वर ही मसलत माझीच, हेही अभिमानाने सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "तू रोज बायचा काम करतंस. बायचा मन तुका कळता. सांग बघू, असली खाष्ट बाय वळवची कशी?"

तो कपात बघत होता. मग म्हणाला, "एक इचारू? ती तुमची सख्खी भयण मां?"

"सख्खी. पाठची."

"मगे तुमच्या घरात तिका जागा कित्याक नाय?"

घ्या. मला जरा रागच आला. म्हटलं, राणीचं काम करायला आलाय, की न्यायाधीशाचं?

"माझ्या घरात मीच पाव्हणो, रे," मी म्हटलं. "आमची ही आणि शालन, दोघींचा एका चुलीर जमना नाय. मी मधी पडाक गेलंय तर दोघी मिळून माका भायर काढतीत."

"म्हणजे तुमका जमना नाय ता त्या खाष्ट बायन करूचा," तो म्हणाला. "आणि तिका आधी सांगूचा पण नाय."

मी उरलेला चहा घटाघट संपवला. कारण ते खरं होतं.

आणि त्याच वेळी दारात एक किडकिडीत माणूस उभा राहिला. टी-शर्ट, पाठीला सॅक, घामाने निथळलेला. मागून कंपनीचा मालक.

"अप्पानू, इलो एकदाचो," मालक म्हणाला. "ह्यो आमचो नवो स्त्रीपार्टी."

तो किडकिडीत माणूस आत आला, आरशासमोरच्या खुर्चीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "मावशे, जरा सरशात? माका रंगाक बसाचा हा."

मी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. देवळातली घंटा वाजत होती, तीही मला माझ्यावर हसल्यासारखी वाटली.

ती बाई उठली. रिकामा कप माझ्या हातात दिला. "गाडयेतसून उतारताना निऱ्यो सुटल्यो," ती मालकाला म्हणाली. "फुलवालीन सांगल्यान, हय आरसो आसा म्हणान." मग माझ्याकडे वळून तिने पदर सारखा केला आणि काही एक न बोलता ओटीचं तबक उचलून देवळाकडे चालती झाली.

ती बोलली असती तर परवडलं असतं हो. बोलली नाही, तिथेच मी खचलो. शालनचं सगळं आयुष्य त्या पोरीत. पोरीने कधी नव्हे ते स्वतःसाठी काही मागितलं होतं. आणि मी, घरातला कर्ता पुरुष, एका चहात ते बुडवून आलो होतो.

मंडपात आमची ही, शालन आणि रुपाली नटूनथटून उभ्या होत्या. त्यांनी विहीणबाईंना ओळखलं म्हणे. बाईमाणसाला कळतं ते. ओटी भरून झाली, कुंकू लावून झालं, चौघी पुढच्या रांगेत बसल्या. मी खांबाआडून बघत होतो. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. शालन काही विचारी, ती मान हलवी, बस. मधेच हिने मला हात करून बोलावलं. मी जनरेटर बघतो म्हणून निघून गेलो. जनरेटर चांगला चालला होता, तरी मी तो बघितला.

गावकरांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. कंपनीला यश दे, गावाची राखण कर, पाऊस गेला आता भात सुखरूप घरात येऊ दे. सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मी त्यात हळूच घातलं, आई, शालनच्या चेडवाचा लगीन मोडू नको, मग वर्षभर डिझेल आणीन. एकटाच "होय म्हाराजा" म्हटलं.

आख्यान सुरू झालं. मला ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी मनाचा हिय्या केला, म्हटलं, पाय धरायचे. एक नारळ घेतला. पुढच्या रांगेत बघतो तर विहीणबाईंची खुर्ची रिकामी. गेली की काय गाडीत बसून? तसाच धावत मागे गेलो. धर्मशाळेच्या पडवीत, जिथे मांडवाचा उजेड नीट पोचत नाही, तिथे ती उभी होती. हिरवं जरीचं लुगडं, वळेसर, पाठमोरी.

मी नारळ पायांशी ठेवला आणि साष्टांग आडवा झालो. या वयात, या कमरेने.

"विहीणबाईनू," मी म्हटलं, "माका गाढवाक माफ करा. तुमका बाप्यो म्हटलंय, खाष्ट म्हटलंय. माझी जीभ झडांदे. पण माझो राग त्या चेडवार काढू नकात, माझ्या भाचीचा लगीन मोडू नकात. ता लबाडी करणारा नाय. लबाडी माझी. भयणीक घरात घेवची हिंमत माझ्यात नाय, म्हणान तुमच्या गळ्यात घालूक बघीत होतंय."

मी डोकं उचललं नाही.

"अप्पानू," वरून अगदी हळू आवाज आला. "उठा. माझी एन्ट्री इली."

किडकिडीत माणूस रंगल्यावर कसा दिसतो, ते मला कुणी सांगितलं होतं का? कंपनीच्या पेटाऱ्यातही हिरवंच लुगडं निघावं? तो माझ्या अंगावरून निऱ्या उचलून ओलांडून गेला आणि थेट राजापुढे जाऊन उभा राहिला.

आता दशावताराला पाठ केलेलं नाटक नसतं, तुम्हाला माहीत आहे. कथा ठरलेली, बाकी ज्याने त्याने आयत्या वेळी बोलायचं. राजाने विचारलं, "प्रिये, एवढा विलंब का?" आणि त्या मेल्याने गळा इतका गोड काढला म्हणून सांगू. "काय सांगू महाराज, वाटेत एक गृहस्थ आमच्या पायांवर पडले. आम्हाला विहीणबाई म्हणाले. म्हणाले, दुपारी खऱ्या विहीणबाईंना आम्ही पुरुष समजलो, आता भाचीचं लग्न मोडू नका."

राजा फारच हुशार. "कोण हा गृहस्थ? आमच्या राज्यातला आहे?"

"राज्यातलाच नव्हे महाराज, कमिटीतला आहे."

मंडप फुटला. मी पडवीतच बसून राहिलो, नारळ मांडीवर घेऊन. आणि त्या सगळ्या हसण्यात एक हसणं वेगळं ऐकू येत होतं, घागरीतून आल्यासारखं. विहीणबाई गेल्या नव्हत्या. रुपालीबरोबर पाय धुवायला विहिरीवर गेल्या होत्या, आणि आता मंडपाच्या दारात उभ्या राहून डोळे पुसत हसत होत्या.

प्रयोग संपल्यावर मला धरून त्यांच्यासमोर उभं केलं. शालन रडत होती. मला वाटलं, संपलं.

"रडता कित्याक?" विहीणबाई तिला म्हणाल्या. "चेडू माका पसंत आसा. आवशीक सोडणा नाय ता चेडू सासवेकपण सोडूचा नाय, एवढी अक्कल माका आसा. तुमीपण चला. वरची खोली मोकळीच आसा."

रुपालीने हळूच विचारलं, "पण तुमका ह्या कोणी सांगल्यान? आमी तर..."

"तुझ्या मामान. माझ्याकडे खरा बोलाक भियालो, म्हणान स्त्रीपार्टीकडे बोललो."

आमची ही माझ्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा तो मंडप परवडला.

विहीणबाईंना गाडीपर्यंत पोचवायला मी आणि ही गेलो. मी हात जोडले. "वैनीनू, झाला गेला विसरान जावा."

गाडीत बसता बसता त्या थांबल्या. "विसरतलंय कशी? लगीन झाल्यापासून नटान-थटान भायर पडतंय. पण 'वा, हुबेहूब बाय दिसतंस' असा तोंड भरून आजच कोणतरी बोललो. आमच्या घोवाक काय ता सुचूक नाय, बिचारो." आणि गाडी निघून गेली.

आम्ही घराकडे चालू लागलो. ही पुढे, मी मागे. देवळाचे दिवे मागे राहिले तेव्हा ती म्हणाली, "परक्या बायकांका बरा सांगूक येता."

मी दमलेलो होतो हो. सकाळपासून पोटात दोन चहांपलीकडे काही नव्हतं. दमलेल्या माणसाने गप्प बसावं, एवढं शिकायला दिवसभर मिळाला होता. पण नाही. म्हटलं, हिलाही बरं वाटू दे.

"अगो," मी म्हटलं, "तू पण हुबेहूब दिसतंस."

तेव्हापासून आमच्याकडे हिने वेगळी चूल मांडलीय. शालन विजयदुर्गला जाईपर्यंत मी तिच्याकडे जेवत होतो. आता चहासुद्धा तुमच्याकडे येऊन पितो.